वॅट खरं सांगतात, सरासरी फसवते: पॉवर मीटरचा डेटा कसा वाचायचा

ज्यांना ऐकायला निवांत वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. विषय आहे सायकलचा पॉवर मीटर. मीटर बसवला, स्क्रीनवर आकडे नाचायला लागले, पण उद्या सकाळी काय करायचं हे त्यातून कसं ठरवायचं?

आधी, वॅटच का?

संगमेश्वरहून देवरुखकडे सायकल काढा. सलग सपाट रस्ता मिळणं मुश्कील. चढ, उतार, वळण, परत चढ. इथे ताशी किती किलोमीटर गेलात यावरून मेहनत कळत नाही. चढावर ताशी १२ म्हणजे जीव काढणं असू शकतं आणि उतारावर ताशी ४० म्हणजे नुसतं बसून राहणं. हृदयाचे ठोके थोडं जास्त सांगतात, पण ते उशिरा वाढतात. शिवाय कोकणातल्या दमट उकाड्यात तेवढ्याच मेहनतीला ते जास्त पडतात.

पॉवर मीटर थेट काम मोजतो. क्रँकमध्ये किंवा पेडलमध्ये बसवलेला सेन्सर धातू किती सूक्ष्म वाकतोय ते मोजतो. त्यावरून जोर कळतो, त्याला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट मिळतात. उलरिक शोबेरर या जर्मन इंजिनिअरने १९८६ मध्ये एसआरएम कंपनी सुरू करून हे तंत्र सायकलपटूंपर्यंत आणलं.

आपला आकडा शोधा

सगळा हिशोब एफटीपीवर उभा आहे. साध्या भाषेत, साधारण तासभर टिकवता येईल अशी तुमची कमाल ताकद. चाचणी सोपी, पण दमवणारी: चांगलं वॉर्म-अप करून २० मिनिटं जमेल तितक्या जोरात, पण एकसारखं चालवायचं. त्या २० मिनिटांच्या सरासरीतून ५ टक्के वजा करायचे. २३२ वॅट आले तर एफटीपी झाला २२०. मध्ये उतार नसलेला सलग चढ यासाठी उत्तम. वाहतूक कमी असेल अशी पहाटेची वेळ निवडा.

हा आकडा मिळाला की झोन ठरतात. ५६ ते ७५ टक्के म्हणजे दमसास वाढवणारा झोन २, इथे १२३ ते १६५ वॅट. ९१ ते १०५ टक्के म्हणजे थ्रेशोल्ड, इथे २०० ते २३१.

सरासरीचा सापळा

घरी येऊन फाइल उघडली की पहिली नजर सरासरीवर जाते. आणि घोळ तिथेच होतो. सर्व्हर हळू का चालतोय हे शोधताना नुसता सरासरी वेळ पाहून चालत नाही, मध्येच आलेले उंच सुळके पाहावे लागतात. तसंच इथे.

समजा तुम्ही ५ मिनिटं २५० वॅटने चढलात, ५ मिनिटं १०० वॅटने सैल चालवलंत आणि दीड तास हेच चक्र चालू ठेवलंत. सरासरी येते १७५, म्हणजे एफटीपीच्या ८० टक्के. वाटतं, बरी मध्यम राइड झाली. पण शरीराला जोराच्या वॅटची किंमत प्रमाणापेक्षा खूप जास्त मोजावी लागते. म्हणून नॉर्मलाइज्ड पॉवर काढतात: ३० सेकंदांची फिरती सरासरी घ्यायची, प्रत्येक आकड्याचा चौथा घात करायचा, त्यांची सरासरी काढून परत चौथं मूळ घ्यायचं. या राइडला ती २१० च्या आसपास येते, म्हणजे थेट ९५ टक्के.

फरक किती पडतो बघा. एफटीपीवर एक तास म्हणजे १०० गुण, असं ताण मोजायचं माप आहे, त्याला टीएसएस म्हणतात. सरासरी धरली तर या राइडचे ९५ गुण, नॉर्मलाइज्ड पॉवर धरली तर १३७. जो माणूस ९५ समजून दुसऱ्या दिवशी परत जोर लावतो, तो दोन-तीन आठवड्यांत ढेपाळतो आणि दोष झोपेला देतो.

आठवडा कसा आखायचा

रोजचे टीएसएस जोडत गेलं की दोन रेषा तयार होतात. ४२ दिवसांची रेषा म्हणजे कमावलेली तयारी, ७ दिवसांची म्हणजे अंगावरचा थकवा. थकव्याची रेषा फार वर गेली की दोन दिवस हलके घ्या. गोल्डन चीता हे सॉफ्टवेअर हे सगळं फुकट काढून देतं.

नोकरी सांभाळून चार दिवस मिळत असतील तर असं बसवा:

- मंगळवार: १५ मिनिटांचे दोन चढ, २०० ते २१० वॅट.
- गुरुवार: एक तास झोन २. चढ आला की गिअर हलका करा, अहंकार बाजूला ठेवा.
- शनिवार: ३-३ मिनिटांचे पाच जोर, २४० ते २५५ वॅट.
- रविवार: अडीच-तीन तास झोन २.

रविवारच्या फाइलचे दोन भाग करा. वॅट तेवढेच, पण दुसऱ्या भागात ठोके ५ टक्क्यांहून जास्त वाढले असतील तर दमसास अजून कच्चा आहे, किंवा ऊन आणि पाणी यांचा हिशोब चुकलाय. थंड पहाटेच्या राइडशी ताडून पाहिलं की कोणतं ते कळतं.

घाटाचं गणित

साखरप्याहून आंबा घाट चढायचं स्वप्न इथल्या बऱ्याच जणांचं असतं. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, ५ टक्के चढ आणि ४०० मीटर उंची धरा. २०० वॅटपैकी साधारण १६० वॅट उंची गाठण्यात जातात, बाकीचे हवा आणि टायरच्या घर्षणात. हिशोब येतो ३३ मिनिटं. हे आधीच माहीत असेल तर पायथ्याला २६० वॅटने सुटायचा मोह आवरता येतो. कारण २२० एफटीपीवाल्याला २६० काही मिनिटंच झेपतात, उरलेला घाट मग पाय ओढत जातो.

लांब अंतरात तर संयमच सगळं ठरवतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्याला मुदत १२ दिवस. तिथे पहिल्या दिवशी उधळलेले वॅट शेवटच्या दिवशी परत मिळत नाहीत.

शेवटचं, मीटरची काळजी

निघण्यापूर्वी झिरो ऑफसेट करा, कारण तापमान बदललं की आकडा सरकतो. फक्त डाव्या क्रँकचा मीटर डाव्या पायाची दुप्पट दाखवतो, म्हणून मित्राच्या आकड्याशी तुलना नको, स्वतःच्या जुन्या आकड्याशी करा. पावसाळ्यात बॅटरीचं झाकण पुसून कोरडं ठेवा.

आणि अजून मीटर घेतला नसेल तरी थांबू नका. ओळखीचा एकच चढ, घड्याळ आणि वही घ्या. दर महिन्याला तोच चढ, तोच वेळ नोंदवा. डेटा तिथूनच सुरू होतो. भेटू पुढच्या भागात!