रात्रीच्या दर्याविषयी काही गैरसमज

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या पानिपतच्या मैदानाने मराठ्यांच्या इतिहासाची जी प्रतिमा उत्तर हिंदुस्थानात रूढ केली, ती घोडा, भाला आणि धूळ यांची आहे. काला आंबच्या स्मारकाला वंदन करणारी माणसे महाराष्ट्रातून मुद्दाम आलेली असोत, सोन्याचांदीच्या गलाईनिमित्त उत्तरेत स्थायिक झालेली असोत, की आपला वंश मराठ्यांशी जोडणाऱ्या रोड समाजातील असोत, मराठा म्हणजे जमिनीवरचा लढवय्या, दर्या त्याला परका आणि रात्रीचा दर्या तर निषिद्धच, अशी समजूत त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मनात घर करून असते. शास्त्रार्थात समुद्रगमनाचा निषेध होता हे खरे; परंतु कोळी, भंडारी, गाबीत, दालदी या किनाऱ्यावरच्या जमातींची उपजीविकाच दर्यावर होती, आणि शिवाजी महाराजांचे आरमार उभे राहिले ते त्यांच्याच मनगटावर.

या आरमाराची रात्रीची विद्या किती पक्की होती, हे १६७९ च्या खांदेरी प्रकरणात दिसते. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरांवर हे छोटे बेट आहे. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन तेथे उतरला व तटाचे काम सुरू झाले. आपल्या बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहतो आहे हे पाहून इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. ‘रिव्हेंज’ आणि ‘हंटर’ ही लढाऊ जहाजे कॅप्टन केग्विनच्या हाताखाली तैनात झाली. ऑक्टोबरात दौलतखानाच्या मराठी आरमाराने त्यांच्यावर चाल करून ‘डोव्ह’ नावाची गुराब पकडली, तरी तोफांच्या उघड लढाईत इंग्रजांचीच सरशी झाली. असे असूनही बेट उपाशी मरेना. दिवसा जी रसद आणि कुमक रोखली जाई, ती रात्री लहान होड्यांतून इंग्रजी जहाजांच्या बाजूने निसटून खांदेरीस पोहोचत असे.

मोठे जहाज तेच बलवान, हा जो समज आहे त्याचे उत्तर येथेच मिळते. मोठ्या जहाजाला खोल पाणी आणि भरपूर वारा लागतो. वारा पडला की त्याच्या तोफाही एका जागी खिळतात. उथळ बुडाचे गलबत मात्र शिडाचा वारा गेला की वल्ह्यांवर चालते आणि खडकांमधल्या ज्या पाण्यात शत्रूला शिरता येत नाही, तेथून वाट काढते.

रात्र ही प्रवासाला प्रतिकूल वेळ, हा दुसरा आणि सर्वांत दृढ गैरसमज. कोकणात पावसाळा सरल्यावर दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात. सूर्यास्तानंतर जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते, तिच्यावरची थंड हवा समुद्राकडे सरकू लागते आणि उत्तररात्री मतलई वारा चांगला जोर धरतो. थळकडून पश्चिमेच्या बेटाकडे निघालेल्या होडीला हा वारा पाठीशी मिळतो, शिवाय किनाऱ्यालगतचे पाणी त्या वेळी बहुधा शांत असते. अंधाराचा आडोसा हवा होता यात शंका नाही. पण रात्र निवडण्यामागे केवळ लपण्याची गरज नव्हती, वाऱ्याचा हिशेब होता, आणि या हिशेबाला मी धाडसाहून अधिक मान देतो. भरतीचाही तसाच हिशेब असे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा कोळ्यांचा आडाखा आजही चालतो: चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता.

शिडाची नौका वाऱ्यामागेच जाते, हेही अर्धसत्य. वाऱ्याच्या नेमक्या उगमाकडे ती जाऊ शकत नाही, एवढेच खरे. शीड तिरके ताणून, एकदा या अंगाने आणि एकदा त्या अंगाने नागमोडी जात ती वाऱ्याविरुद्धचा टप्पाही गाठते, वेळ मात्र दुपटीने लागतो.

भर समुद्र घातकी आणि बेट दिसले की सुटलो, असे नवख्याला वाटते. अनुभवी तांडेल उलट मानतो. खोल पाण्यात आदळायला काही नसते, खडक, पुळणी आणि मासेमारीची जाळी असतात ती काठापाशी. म्हणून दूरच्या बेटाकडे निघणारा शहाणा नाविक उजाडल्यावर पोहोचण्याच्या बेताने नांगर उचलतो. कोचीहून लक्षद्वीपातील कवरत्ती सुमारे चारशे किलोमीटर. ताशी पाच सागरी मैलांच्या चालीने तेथे जायला जवळजवळ दोन अहोरात्र लागतात, आणि एवढा काळ कोणी अखंड जागत नाही, पाळ्या लावून झोपतात. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनाही निद्रेचे तुकडे करूनच ती पुरी करावी लागली.

होकायंत्रावाचून रात्री दिशा कळत नाही, असे म्हणणाऱ्याने पानिपतातच आकाशाकडे पाहावे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका त्या स्थळाचा अक्षांश. ताणलेल्या हाताची मूठ साधारण दहा अंशांची धरली, तर पानिपतात ध्रुव तीन मुठी उंच दिसेल, खांदेरीस दोनांहून थोडा कमी, कवरत्तीस जेमतेम एक. आणि मॉरिशसला तो क्षितिजाखाली गेलेला असेल.

राहिला शेवटचा गैरसमज: मराठ्यांची सागरी सत्ता पानिपताच्या आघाताने खचली, हा. कालक्रम तसे सांगत नाही. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी खांदेरीचा नाद सोडला आणि बेट मराठ्यांकडे राहिले. परंतु फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे मराठी आरमार जाळले गेले, ते इंग्रजांच्या तोफांनी, आणि त्या मोहिमेत पेशवा नानासाहेब इंग्रजांचा दोस्त होता. मराठी सत्तेने स्वतःवर ओढवून घेतलेली ही हानी माझ्या मते अक्षम्य आहे, आणि ती पानिपताच्या पाच वर्षे आधीची आहे.