एकाच नळाचं पाणी, माशांच्या दोन टाक्या, दोन वेगळे पीएच. असं का?

पीएचपेक्षा आधी केएच बघा. केएच म्हणजे पाण्यातली कार्बोनेटं. ती आम्ल शोषून पीएच स्थिर ठेवतात. माशांच्या अमोनियाचं नायट्रेट करताना फिल्टरमधले जिवाणू आम्ल तयार करतात आणि केएच हळूहळू खर्ची पडतो. म्हणून गर्दीच्या, पाणी क्वचितच बदललेल्या टाकीचा पीएच घसरत जातो. शेजारच्या टाकीत शिंपले किंवा प्रवाळाची रेती असेल, तर ती विरघळून केएच भरून काढते.

मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मृदू, म्हणजे केएच मुळातच कमी, त्यामुळे घसरण लवकर दिसते. बोअरचं पाणी बहुधा कठीण. त्यात गप्पी, मॉली खूश. नियॉन टेट्राला मृदूच बरं. (दुकानात दोघं एकाच टाकीत दिसतात, तो भाग वेगळा!)

बोअरचं पाणी रात्रभर उघडं ठेवूनच पीएच मोजा. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडाला की आकडा चढतो.

आणि घसरलेला पीएच एकदम वर ढकलू नका. ६ च्या आसपास अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो. ८ कडे जाताना त्याचा विषारी वाटा झपाट्याने वाढतो. थोडं-थोडं पाणी बदला, तेही क्लोरीन काढूनच.