उन्हाळी सहल : बोटीआधी लाइफ जॅकेट

भाईंदर पूर्वेहून गाडीने महाबळेश्वरला जायचं असेल, तर फजर पढून लगेच निघा. घोडबंदर रोडची गर्दी टळते. वाईनंतर पसरणी घाट, पाचगणी, मग वेण्णा लेक. तिथून साधारण 25 किलोमीटरवर तापोळा. तिथला शिवसागर म्हणजे कोयना धरणाचं पाणी, वेण्णापेक्षा कितीतरी मोठं. बोटिंग दोन्हीकडे आहे.

पण 18 जानेवारी 2024 विसरू नका. वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडून गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. म्हणून मुलांना मापाचं जॅकेट मागा, पट्टे स्वतः आवळा. बुरख्यावरूनही ते घालता येतं. बोट भरलेली दिसली तर पुढची घ्या.