सहा ते सहा

पहाटे 4:45

कॅम्पचं वायफाय पहाटे जरा बरं चालतं, म्हणून आईचा फोन याच वेळी येतो. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. इथे पावणेपाच म्हणजे संत तुकारामनगरात सव्वासात. वल्लभनगर स्थानकातून एसट्या निघालेल्या असतात आणि आईचा दुसरा चहा झालेला असतो.

"वाघ दिसला का रे?"

"आई, आफ्रिकेत वाघ नसतात."

"मग एवढे पैसे मोजून जातात कशाला लोक?"

हे संभाषण रोज होतं. मी टूर लीडर आहे. आधी चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत सात वर्षं क्वालिटीत काढली, मग या धंद्यात आलो. आज मसाई मारातला तिसरा दिवस. ग्रुप एकवीस जणांचा, बहुतेक पिंपरी-चिंचवडचे, त्यातले निम्मे निवृत्त.

अंधारात तंबूबाहेर एकट्याने पडायचं नाही, हा कॅम्पचा पहिला नियम. कुंपण नावापुरतंच आहे आणि रात्री पाणघोडे चरायला येतात. टॉर्च हलवली की अस्करी, म्हणजे राखणदार, न्यायला येतो. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे, त्यामुळे ऑगस्टात पहाटे चांगलीच थंडी वाजते. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून आलेले ग्रुपातले तिघेजण कानटोपी मागत फिरताहेत.

5:20

चहा, बिस्किटं आणि पिशव्यांची झडती. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. जून 2020 पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकलाही मनाई आहे, पाण्याच्या बाटल्यांसकट. निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये हे दोनदा सांगितलं होतं. तरी एका काकूंच्या पर्समधून चिवड्याची पिशवी निघालीच. "अगं बाई, ही राहिली वाटतं," म्हणत त्यांनी चिवडा स्टीलच्या डब्यात ओतला. आपल्याकडेही 2018 पासून बंदी आहे, हे मी बोललो नाही. सकाळी सकाळी कशाला?

6:00

सेकेनानी गेट. मारा हे कायद्याने राष्ट्रीय उद्यान नाही, राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे. बहुतेक सगळा कारभार नारोक काउंटीकडे आहे. क्षेत्रफळ सुमारे 1,510 चौरस किलोमीटर. जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढ माणसाला दिवसाचे 200 डॉलर पडतात आणि तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तासांचं. आमच्या लोकांना हे लगेच समजतं. "म्हणजे बारा तासांची शिफ्ट," एक काका म्हणाले.

चार लँड क्रूझर, छत वर उचलणाऱ्या. एका गाडीत पाच-सहा जणच, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. तरी पुढच्या सीटवरून भांडणं होतात, म्हणून मी रोज जागा फिरवतो. मी स्वतः दर फेरीला वेगळ्या गाडीत बसतो.

6:40

सूर्य नुकताच वर आलेला. गवतात दोन सिंहिणी आणि चार बच्चे. पोटं टम्म, तोंडं अजून लाल. आमचा ड्रायव्हर-गाईड मसाई आहे. तो गाडी थांबवतो आणि आधी चावी फिरवून इंजिन बंद करतो. रेडिओवर बाकीच्या गाड्यांना स्वाहिलीत निरोप जातो. एका प्राण्याभोवती पाचच्या वर गाड्या नाहीत आणि रस्ता सोडून गवतात जायचं नाही, हे इथले नियम.

स्वाहिली ऐकताना आपली माणसं दचकतात. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', रंगाला 'रांगी', चहाला 'चाई', चपातीला 'चपाती'. समुद्रावरचा जुना व्यापार आणि 1896 ते 1901 या काळात युगांडा रेल्वे बांधायला आलेले हजारो भारतीय मजूर, यांच्यामागून हे शब्द इथे राहिले. गाडीतल्या एक आजी ड्रायव्हरला सरळ म्हणाल्या, "दादा, गारी जरा पुढे घ्या की." त्याला कळलं आणि त्याने हसून नाही म्हटलं.

8:30

ठरलेल्या जागी झाडाखाली न्याहारी. तिखटामिठाच्या पुऱ्या, लोणचं, कॅम्पमधली उकडलेली अंडी. झाडामागे जायचं असेल तर "टायर तपासायचे आहेत" असं म्हणायचं. आधी ड्रायव्हर झुडूप बघून येतो, मग माणूस जातो. ही थट्टा नाही, गेल्या आठवड्यात तिथून म्हैस निघाली होती.

9:30

वारुळावर चित्ता. मादी, एकटी.

"बिबट्या! बिबट्या!"

दोघांत फरक कसा करायचा, हे मी इथे दाखवतो. चित्त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत काळी रेघ उतरते, काजळ ओघळल्यासारखी. ठिपके भरीव असतात. बिबट्याचे ठिपके पाकळ्या जुळवल्यासारखे दिसतात आणि ती रेघ नसते. एक काका म्हणाले, "बिबट्या काय, आमच्या चाकणला येतो." खरंच आहे. मार्च 2022 मध्ये चाकणच्या मर्सिडीज कारखान्यात शिरलेल्या बिबट्याला वनखात्याने बेशुद्ध करून बाहेर काढलं होतं.

चित्त्याचं नातं मात्र कोल्हापूरशी. विसाव्या शतकात आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर दरबाराने ते आफ्रिकेतून मागवले. चित्तेवान त्यांना पाळत, डोळ्यांवर टोप घालून माळावर नेत आणि काळवीट दिसला की टोप काढत. 1952 मध्ये चित्ता भारतातून संपल्याचं सरकारने जाहीर केलं. पुढे 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले.

ही मादी उठते, चार पावलं जाते, पुन्हा बसते. चित्ता दिवसा शिकार करतो, कारण रात्र सिंह-तरसांची. आणि दिवसा आम्ही असतो. गाड्यांनी वाट अडवली तर तिची शिकार चुकते, मग पिल्लं उपाशी राहतात. दहा मिनिटं झाली, पाठीमागे गाड्या थांबलेल्या. आम्ही निघालो. दोघांना राग आला. मी ऐकून घेतलं, त्याचाच मला पगार मिळतो.

वाटेत ड्रायव्हरने मध्येच गाडी थांबवली. सगळे कॅमेरे वर. समोर काहीच नाही. त्याने खाली बोट दाखवलं. चाकोरीत एक शेणकिडा, मागच्या पायांनी हत्तीच्या लिदीचा गोळा ढकलत, डोकं खाली, उलटा चालत. गोळा त्याच्याहून मोठा. खड्ड्यात गेला, वर आला, पुन्हा गेला. आजी खिडकीतून वाकून पाहत राहिल्या. "आमच्या शेतात असायचे. लहानपणी तास तास बघायचो." किडा रस्ता ओलांडेपर्यंत चारही गाड्या थांबल्या.

11:00

मारा नदी. ज्यासाठी ऑगस्टात येतात ते हेच. टांझानियाच्या सेरेंगेटीतून पावसामागून, ताज्या गवतामागून बारा-तेरा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्या सोबतीला लाखो झेब्रे फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबर त्यातले पुष्कळ मारात येतात. वाटेत ही नदी, नदीत मगरी. ती ओलांडणं म्हणजे 'क्रॉसिंग'.

पलीकडच्या काठावर तीनेक हजार जनावरं जमलेली. आवाज म्हणजे म्हशींच्या गोठ्यात बेडूक सोडल्यासारखा. आम्ही काठापासून लांब, झुडपांच्या मागे. जनावरं पाण्यात उतरेपर्यंत गाडी पुढे न्यायची नाही. कारण सोपं आहे. वर यायच्या वाटेवर गाडी दिसली की पुढचं जनावर बिचकतं आणि त्याच्यामागचा कळप फिरतो.

एक काका कंपनीत टाइमकीपर होते. त्यांनी खिशातली वही काढली.

11:10, पहिला खाली उतरला. 11:14, परत. 11:40, झेब्रे पुढे. 11:52, परत. 12:25, पाण्याला तोंड लावलं. 12:31, मगर दिसली, परत.

तोवर गाडीत कुरकुर सुरू. "किती वेळ?" "तुम्ही सांगितलं होतं दिसेल म्हणून." "दुसरीकडे जाऊ या ना." टाइमकीपर काका गप्प. त्यांची वही तेवढी भरत होती.

1:15

गाडीतच जेवण. चपाती, बटाट्याची भाजी, केळं.

1:35

पुढचा नर घोट्यापर्यंत पाण्यात. मागून रेटारेटी, धूळ. श्वास रोखले गेले. आणि तेवढ्यात कुठल्याशा दुसऱ्या ग्रुपची गाडी झुडपातून निघून थेट काठावर गेली. छतावर माणसं उभी. नर थबकला, वळला. पाच मिनिटांत समोरचा काठ रिकामा.

काकांनी लिहिलं: 1:38, परत. कारण: गाडी.

मला वाटलं, आता सगळे माझ्यावर तुटून पडणार. कोणी काही बोललं नाही. सकाळी "गारी पुढे घ्या" म्हणणाऱ्या आजीच आधी बोलल्या, "बरं झालं आपण मागे होतो."

4:15

परतीची वाट. हत्तींचा कळप, टोपी नावाची हरणं, शेपूट हलवत चरणारी थॉमसन गॅझेल. हिला बघून मला आपलं चिंकारा आठवतं. तोच बांधा, तशीच उघड्या माळावर राहायची सवय.

6:00

गेटबाहेर. नाक्यावर बोडाबोडा, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली, गिऱ्हाईकाची वाट बघत उभ्या. त्यात बजाजची बॉक्सर. आकुर्डीच्या कंपनीचं नाव इथे दिसलं की सगळ्यांचे फोटो निघतात. सिंहापेक्षा जास्त.

8:30

वरण-भात, उगाली आणि सुकुमा विकी. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सुकुमा ही तिच्यासोबतची हिरवी पालेभाजी. वरणाला फोडणी मी दिली, गोडा मसाला घरचा.

जेवताना हिशेब निघतो. 'बिग फाइव्ह'पैकी चार झाले, गेंडा राहिला. मी सांगतो की ही यादी शिकाऱ्यांची आहे. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस, पायी शिकार करायला सगळ्यांत धोक्याचे पाच. केनियाने 1977 मध्ये शिकारीवर बंदी घातली, यादी मात्र राहिली. तरी उद्या गेंडा हवाच, हेही खरं.

9:45

रोजचा अहवाल: क्रॉसिंग नाही. तक्रारी दोन. टाइमकीपर काकांनी वहीच्या पानाचा फोटो सगळ्या ग्रुपला पाठवलाय आणि तो आजच्या सिंहाच्या फोटोंपेक्षा जास्त वेळा उघडला गेलाय.

पिंपरीतून माराला येणं सगळ्यांना परवडत नाही, परवडायची गरजही नाही. पुणे जिल्ह्यातच इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळ इथे वनखातं माळरान सफारी चालवतं. चिंकारा, लांडगा, कोल्हा, तरस तिथे आहेत. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, पहाटे निघा. प्लॅस्टिक घरी ठेवा आणि प्राणी दिसला की गाडी पुढे घ्यायला सांगू नका. आधी इंजिन बंद करा.