हाताला बसेल अशी ग्रिप

नेमबाजीच्या क्लबमध्ये नवा माणूस टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी क्लबच्या कपाटात काय आहे यावर ठरतं. कोल्हापुरात रविवारी सकाळी नवशिक्यांचा तास मी घेते. येणाऱ्यांची उत्सुकता उणी पडलेली मी पाहिलेली नाही. उणी पडते ती त्यांच्या मापाची वस्तू.

एअर पिस्तुलाचंच घ्या. त्याच्या लाकडी मुठीला आम्ही ग्रिप म्हणतो. ती लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. डाव्या हाताची वेगळी, उजव्या हाताची वेगळी. क्लबकडे मात्र बहुतेक वेळा जुन्या सभासदांनी देऊन टाकलेली पिस्तुलं असतात, म्हणजे रुंद पंजाच्या, उजव्या हाताच्या ग्रिपची. सहावीतली मुलगी असं पिस्तूल धरते तेव्हा तिच्या तर्जनीचं पेर ट्रिगरपर्यंत पोचत नाही. मग ती मनगट वळवून बोट पुढे सरकवते, नळी बाजूला जाते, आणि मागून कुणीतरी म्हणतं, "हातात ताकदच नाही गं तुझ्या." ताकदीचा इथे काही संबंध नसतो. स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा असा नियम आहे. तेवढा तिचं बोट आरामात दाबतं. लहान ग्रिप बसवा, सुरुवातीला पिस्तुलाखाली टेकू द्या, की हीच मुलगी दहा मीटरवरच्या कागदावर पेलेट जवळजवळ पाडू लागते. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं असतं. रायफलच्या टार्गेटवर दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका.

बंदूक हातात देण्याआधी मी प्रत्येकाचे डोळे तपासते. दोन्ही हात समोर ताणायचे, पंजांच्या मध्ये छोटी खिडकी करायची, तिच्यातून भिंतीवरचा दिवा बघायचा आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला दिवा खिडकीतच दिसत राहतो, तो नेमाचा डोळा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या कित्येकांचा नेमाचा डोळा डावा निघतो. हे आधी कळलं नाही तर महिनोन्महिने पेलेट एका बाजूला जातात आणि दोष त्या बिचाऱ्याच्या एकाग्रतेला दिला जातो. उपाय साधा आहे. डाव्या डोळ्यासमोर पांढरी पट्टी लावून उजव्याने नेम धरायला शिकवावं, नाहीतर रायफल सरळ डाव्या खांद्याला लावावी. पण त्यासाठी डाव्या खांद्याची एक तरी रायफल क्लबकडे हवी.

नव्या माणसाइतकंच नव्या वस्तूचंही स्वागत व्हायला हवं. एक मुलगा मामाने दिलेली देशी एअर रायफल मोठ्या हौसेने घेऊन आला. दोन ज्येष्ठ सभासद ती पाहून हसले, "जत्रेत फुगे फोडायची बंदूक आणलीय की!" तो पोरगा पुन्हा आला नाही. मला याचा आजही राग येतो. शालेय स्पर्धांत ओपन साइट एअर रायफलचा वेगळा गट असतो. त्याची रायफल तिथे चालली असती. परदेशी मॅच रायफल लाखाच्या पुढे जाते, ती पहिल्याच महिन्यात कोण घेणार? आईवडील हळूच विचारतात, "पोलिसांचं लायसन काढावं लागतं का?" 4.5 मिलिमीटर कॅलिबरच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअरगनला शस्त्रपरवाना लागत नाही. एवढं दाराशीच नीट सांगितलं तर अर्धी भीती तिथेच जाते.

आमच्या जिल्ह्याला तर या खेळाचं भाग्यच लाभलंय. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. त्या स्पर्धांत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे 2024 मध्ये पॅरिसहून कांस्य घेऊन आला. अशा प्रत्येक पदकानंतर रेंजवर चौकशीला गर्दी होते. त्या आठवड्यात कपाट रिकामं असेल, तर ती मुलं दुसऱ्या खेळाकडे जातात.

चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांचा विचार फारच कमी होतो. अवनी लेखराने टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये दहा मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं ते बसूनच. ज्यांच्या हातांना रायफल पेलत नाही त्यांच्यासाठी नियमांतच स्प्रिंगच्या स्टँडची सोय आहे. आणि आपल्याकडे रेंजच्या दारालाच तीन पायऱ्या! एक उतार आणि खुर्ची आत जाईल अशा उंचीचं टेबल, एवढ्यानं सुरुवात होते.

सुरक्षिततेत मात्र सवलत नाही. नळी सदैव टार्गेटकडे, बंदूक खाली ठेवताना नळीत सेफ्टी फ्लॅग, आणि 'स्टॉप' म्हटलं की बोट ट्रिगरवरून बाहेर. पण हे ओरडून शिकवलं तर घाबरलेला हात हमखास चुकतो. मी आधी स्वतः करून दाखवते, मग त्याच्याकडून करून घेते, आणि पेलेट त्यानंतरच देते.

रविवारी दोन लेन नवशिक्यांना दिल्या की सराव बुडतो, अशी ज्येष्ठांची तक्रार असते. त्यांना मी म्हणते, काका, तुमच्या मुलांची लहान झालेली नेमबाजीची जॅकेटं माळ्यावर पडून आहेत, ती तरी द्या. चांगलं जॅकेट महाग असतं आणि वाढत्या वयाच्या मुलाला ते फार काळ पुरत नाही. आता क्लबात त्यांचं वेगळं कपाट झालंय. मूल आपल्या मापाचं जॅकेट घेऊन जातं, आखूड झालं की परत आणतं आणि पुढचं नेतं. स्पर्धेला नेण्याआधी फक्त बटणं आणि जाडी तपासून घ्यायची. नियमाप्रमाणे कापडाचा एक थर 2.5 मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही.