अंडकोशाची सूज आणि टॉर्च

पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली. सुरतेच्या या पट्ट्यात खानदेशी बोली सहज कानावर पडते. यंत्रमागावर उभा राहणारा कामगार अंडकोश सुजला तर सैल पँट शिवून घेतो, पण डॉक्टरकडे जायला लाजतो.

न दुखता हळूहळू वाढणारी सूज बहुधा हायड्रोसीलची असते. वृषणाभोवतीच्या दुपदरी आवरणात पाणी साचतं. अंधारात मागून टॉर्च धरला की ते लालसर उजळतं. हर्निया किंवा टणक गाठ सहसा उजळत नाही. शंका उरली तर सोनोग्राफी. गाठ टणक असेल तर ती करायचीच, कर्करोगाची गाठही अनेकदा दुखत नाही.

सुरत हत्तीरोगाचं जुनं ठाणं. क्युलेक्स डासातून आलेला जंत लसिकावाहिन्या बिघडवतो, त्यातूनही हायड्रोसील होतं. जंताची पिल्लं रात्री रक्तात उतरतात, म्हणून नमुना रात्रीच घेतात. सुईने काढलेलं पाणी पुन्हा भरतं. मोठ्या सुजेला शस्त्रक्रियाच हवी.

पोरगा अंडकोश दुखून अचानक कळवळला तर मात्र शेक नको, लेप नको. वृषणाला पीळ बसला असेल तर रक्तपुरवठा तुटतो आणि हाती जेमतेम सहा तास असतात. उमरवाड्यातलं महापालिकेचं स्मीमेर रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.