अदृश्य भिंती आणि त्यांतील दार

कोपरखैरणे हा नवी मुंबईचा एक भाग. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने हे नगर आखताना त्याचे विभाग पाडले व त्यांस क्रमांक दिले. त्यांनाच आपण सेक्टर म्हणतो. संगणकांच्या जाळ्यातही असेच सेक्टर पाडतात, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

समजा, तेथील एखाद्या शाळेत संगणककक्ष आणि कार्यालय ह्यांतील सर्व यंत्रांच्या तारा एकाच पेटीत येतात. ह्या पेटीस स्विच म्हणतात. कार्यालयात गुणपत्रके व फीचे हिशेब आहेत. ते विद्यार्थ्यांच्या यंत्रांपासून दूर ठेवावयाचे आहेत. त्यासाठी दुसरी पेटी घेण्याचे कारण नाही. कक्षाच्या तारा जेथे जोडल्या त्या जागांस १० आणि कार्यालयाच्या जागांस २० हा क्रमांक दिला, की एकाच पेटीत दोन जाळी होतात. अशा जाळ्यास आभासी स्थानिक जाळे किंवा व्हीलॅन म्हणतात. १० मधील संदेश २० मध्ये शिरतच नाही.

परंतु कक्षातील शिक्षकांना कार्यालयातील मुद्रणयंत्रावर प्रश्नपत्रिका छापावयाची असली, तर? येथे राउटर हवा. धाडणारे यंत्र प्रथम पाहते, की हा पत्ता आपल्या जाळ्यातील की बाहेरचा? बाहेरचा असल्यास ते संदेश राउटरच्या हवाली करते. टपालाची रीत आठवा. कोपरखैरण्याहून नागपूरला निघालेल्या पत्राची थैली वाटेत बदलते. पत्रावरील पत्ता बदलत नाही. राउटरही संदेशाचे बाहेरचे वेष्टन काढून नवे चढवितो व तो २० मध्ये सोडतो. आतला पत्ता तसाच राहतो.

राउटर व स्विच ह्यांच्यामध्ये एकच तार असली तरी चालते. तिच्यावरून दोन्ही जाळ्यांचे संदेश जातात. त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी असते. १९९८ च्या नियमाप्रमाणे ह्या क्रमांकास बारा द्विमान अंकांची जागा आहे. त्यामुळे ४०९६ क्रमांक होतात. पैकी दोन राखीव, उरले ४०९४. (एवढ्या जाळ्यांची शाळा आम्ही तरी पाहिलेली नाही!)

आता सावध राहावयाचे ते येथेच. राउटर एकदा बसविला, की तो सहसा सर्वच संदेश बिनतक्रार पोहोचवू लागतो. मुद्रणयंत्राकडे जाणारे, तसेच गुणपत्रकांकडे जाणारेही. खटपटीने उभारलेली भिंत त्या एका दारामुळे व्यर्थ ठरते! म्हणून त्याला परवानग्यांची यादी लिहून द्यावी लागते: शिक्षकांच्या यंत्राने केवळ मुद्रणयंत्राशी बोलावे, बाकी सर्वांस मनाई. राउटर ही यादी वरून खाली वाचतो आणि लागू पडणारा पहिलाच नियम पाळतो. मनाईचे वाक्य चुकून वर लिहिले गेले, तर प्रश्नपत्रिकाही छापून मिळावयाची नाही.